टाउनोने वाटलेले गुलाब

टाउनो गुडघे टेकून वाळूत बसला की लांबून वाटतं, म्हातारा प्रार्थना करतोय. जवळ गेल्यावर कळतं की तो पानं ओरबाडतोय. काटेरी फांदी एका हाताने खाली धरायची आणि दुसऱ्या हातातला चामड्याचा मोजा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ओढत न्यायचा. मुठीत हिरवा चुरा येतो, फांदी नागडी होते. मग पुढची फांदी.

"जेवण झालं का रे?" मी कॉफीचा थर्मास घेऊन जाते तेव्हा विचारते.

"माझं झालंय," तो म्हणतो. "ह्याचं होऊ द्यायचं नाहीये."

हा विनोद तो दर उन्हाळ्यात करतो, आणि स्वतः कधीच हसत नाही.

झाड पानांतून जेवतं. पानं काढली की ते मुळांत साठवलेलं खाऊन नवी पानं काढतं. तीही ओरबाडायची. पुन्हा येतात, पुन्हा ओरबाडायची. असे दोन-तीन उन्हाळे गेले की मुळांचं कोठार रिकामं होतं आणि झाड उभ्या जागी वाळतं. आम्ही आधी कापून बघितलं, तर ते दुप्पट दाट झालं. खणून बघितलं, तर वाळूत बोटभर मूळ राहिलं होतं त्याचं नवं झुडूप उभं राहिलं. तेव्हा उपाशी मारण्याशिवाय मार्ग नाही. रंगमंचावर मी पुष्कळ मरणं मेले. विष पिऊन मेले, सुरा खाऊन मेले, एकदा भर पावसातल्या प्रयोगात दुसऱ्या नटाने डोक्यावर छत्री धरली असताना मेले. पण इतकं सावकाश मरण मला कोणत्याच नाटककाराने दिलं नाही.

टाउनो लहान होता तेव्हा युद्ध चालू होतं. त्याची आई सलगमाचं पातळ सूप चार ताटल्यांत असं वाटायची की चमचा कोणाच्याच ताटलीत तळाला लागू नये. असा माणूस कोणालाही उपाशी ठेवायचं काम सुखाने करत नाही. तो करतो, कारण हे गुलाब त्यानेच वाटले होते.

टाउनो आमचा टपालवाला. फिनलंडच्या नकाशावर आमची बेटं म्हणजे पिठाचा हात झटकल्यावर पडलेले ठिपके. मधलं मोठं बेट हिएता, जिथे चर्च आहे, दुकान आहे आणि आता मीही आहे. भोवतीच्या खडकांवर कुठे तीन घरं, कुठे एकच. उन्हाळ्यात टाउनो होडीने टपाल न्यायचा. समुद्र गोठला की लाथ मारत ढकलायच्या घसरगाडीने. आणि मधल्या वाईट दिवसांत, जेव्हा बर्फ होडीला जाड आणि माणसाला पातळ असतो, तेव्हा छोटी होडी बर्फावरून ढकलत, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. मी तेव्हा मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरच्या गावात उघड्यावरच्या उन्हाळी नाटकांत काम करायचे आणि हिवाळा इथे काढायचे. माझे चाहते मला पत्रं लिहायचे. फार नाही, पण टाउनो ती अशा थाटात आणून द्यायचा की मला राणी झाल्यासारखं वाटायचं.

त्याला एक गोष्ट सहन व्हायची नाही. होडीचा आवाज ऐकून बाई धक्क्यावर धावत यायची आणि पिशवीत तिच्यासाठी काही नसायचं. "तिचं तोंड बघवत नाही गं, राकेल," तो म्हणायचा. "मी लिहू शकत नाही ना तिच्या मुलाच्या नावाने!"

आमच्या बायकांना गुलाबाचं भारी वेड होतं, आणि गुलाबाला आमचं अजिबात नव्हतं. किनाऱ्यावरून मागवलेली कलमं यायची, सोबत चित्रं, लाललाल. जुलैत पानांवर काळे ठिपके. मग भुरी. मग मावा. एवढ्यातून एखादं वाचलंच तर शरदातलं वादळ त्याच्या तोंडावर खारं पाणी मारायचं. वसंतात बर्फ हटला की कलमाची काडी कोळशासारखी काळी. दुकानवाल्या सेल्माचं एक कलम असंच मेलं आणि खालच्या खुंटातून रानटी फुटवा आला. ती कित्येक वर्षं त्यालाच खतपाणी घालत होती. "माझा गुलाब यंदाही रुसलाय," म्हणायची. रुसलेला गुलाब तिथे नव्हताच. होता तो त्याचा खुंट.

आणि मग टाउनोला दीपगृहाच्या खडकावर तो सापडला. दीपगृहवाल्याच्या दारात, वाऱ्याच्या थेट तोंडावर उभा. पानं जाड, चकचकीत आणि सुरकुतलेली, आता माझे गाल आहेत तशी. म्हणून आम्ही त्याला सुरकुत्या गुलाबच म्हणतो. फूल मोठं, गडद गुलाबी, पाच पाकळ्यांचं, आणि वास असा की होडी धक्क्याला लागायच्या आधी कळावं. त्याच्या मुळांतून चहूकडे फुटवे येतात. दीपगृहवाल्याने दोन उपटून दिले. टाउनोने ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकले, आणि पुढच्या धक्क्यावर एक बाई रिकाम्या हाताने परत वळत होती तेव्हा तो म्हणाला, "पत्र नाही आलं, पण हे घे."

तिथून सुरू झालं. एकाचे दहा फुटवे होतात, दहाचे शंभर. पत्र न येणारी घरं आमच्याकडे पुष्कळ.

पुढची वीस वर्षं चर्चच्या पायऱ्यांवर रविवारी दुसरा विषय नसायचा.

"माझ्या हेरिंगच्या पिंपातलं खारं पाणी चुकून त्याच्यावर ओतलं," सेल्मा सांगायची. "म्हटलं, गेलं. तर पुढच्या वर्षी दुप्पट फुललं! आता मुद्दाम ओतते."

"माझ्या मेंढ्यांनी जमिनीपर्यंत खाल्लं," कार्लो कोळी म्हणायचा. "मेंढ्यांची तोंडं फुटली. झाडाला काही नाही."

"आमच्याकडे बर्फाचा तुकडा किनाऱ्यावर चढला, घराच्या दाराएवढा. झुडूप खरवडून गेला. मे महिन्यात बघतो तर लाल कोंब."

"भुरी?"

"नाव काढू नकोस."

"तांबेरा?"

"तो काय असतो?"

"ह्याला एकच खोड आहे," सेल्मा सुस्कारा टाकायची. "कधी आजारी पडत नाही. मग आम्ही बायकांनी बोलायचं कशाबद्दल?"

टाउनो पायऱ्यांच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा असायचा आणि ऐकायचा. नाटक संपल्यावर लेखक पडद्याआडून टाळ्या ऐकतो, तसा. लग्न त्याने केलं नाही. "पोरं नाहीत म्हणून काय झालं," लोक म्हणायचे, "टाउनोची दर बेटावर एकेक आहे, आणि सगळी काटेरी." तो लाजून हसायचा. तो हसताना त्याचे कान हलायचे. अलीकडे मी ते हललेले पाहिले नाहीत.

इम्पीचं झुडूप मात्र पत्र नाही म्हणून दिलेलं नव्हतं.

इम्पी राहते कातायाच्या खडकावर. एकच घर, एक धक्का, थोडी खुरटी झुडपं, बाकी सगळा दगड. तिचा नवरा आर्वी एका शरदात वादळाआधी जाळी काढायला गेला. होडी सापडली, तो नाही. समुद्रात राहिलेल्यांसाठी चर्चजवळ एक दगड आहे, त्यावर त्याचं नाव कोरलं गेलं. इम्पी त्या दगडाकडे कधी गेली नाही. "तो इथून निघाला," ती म्हणाली. "परत येईल तर इथेच येईल. हिएताला कशाला जाईल? त्याला पाद्री आवडायचा नाही." त्या शरदात टाउनोने पोस्टाच्या पिशवीतून, पत्रांच्या खाली लपवून, माती नेली. खेपेला एक पिशवी. धक्क्याजवळच्या खडकाच्या भेगेत ती भरली आणि त्यात एक फुटवा लावला. दुसरं काही तिथे जगलंच नसतं. ख्रिसमसच्या संध्याकाळी आम्ही सगळे थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. इम्पी त्या झुडपाच्या बुंध्याशी लावते. हिएताच्या किनाऱ्यावरून तो पिवळा ठिपका दिसतो. आम्ही कितीतरी वर्षं तो बघून म्हणत आलोय, इम्पी अजून आहे, आर्वीही आहे.

आता बोंडांबद्दल. फुलं गळली की त्या गुलाबाला लाल बोंडं धरतात, लहान टोमॅटोएवढी. त्यांचा मुरंबा आम्ही हिवाळाभर खायचो. आणि ती पाण्यावर तरंगतात. हे काही गुपित नव्हतं. मुलं त्यांची शर्यत लावायची. डोळ्यांसमोर होतं आणि कोणाच्याही डोक्यात शिरलं नाही.

हिएताच्या दक्षिणेला लांब पांढरी पुळण आहे, म्हणजे होती. तिच्यावर समुद्रवाटाण्याच्या जांभळ्या फुलांचे वेल पसरायचे आणि उघड्या वाळूवर सुरय पक्षी अंडी घालायचे. तिथून चालायचं तर डोक्यावर टोपली धरावी लागे, इतक्या त्या पक्षिणी चोच खाली करून अंगावर यायच्या. मुलं पायांत काही न घालता दिवसभर तिथेच. मग एके वर्षी वाळूत एक रोपटं दिसलं. टाउनो म्हणाला, "बघा, आपणहून आलंय!" सगळ्यांना कौतुक. आणखी काही वर्षांनी ती पुळण उरली नाही. माणसाच्या उंचीचं काटेरी रान पाण्यापर्यंत गेलं. वेल गुदमरले. पक्ष्यांना उघडी वाळू लागते, ते निघून गेले. मुलं पोहायला दुसऱ्या बेटावर जाऊ लागली. गुलाब मात्र ठणठणीत. एका पानावर ठिपका नाही.

देशभर ह्या गुलाबावर बंदी आली, तेव्हा निसर्ग खात्याची साना आमच्याकडे आली. वयाने टाउनोची नात शोभेल, पण आमच्याकडे सगळेच एकमेकांना तू म्हणतात. जुन्या शाळेत सभा भरली. कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव, आणि भिंतीवर पुळणीचे जुने फोटो. साना चांगली मुलगी. कोणावर आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "मला एक कळत नाही. बाहेरच्या खडकांवर हा पोचला कसा? तिथे तर कोणी बागवालाही जात नाही."

सगळ्यांना एकदम कॉफी ढवळायची आठवण झाली.

"पक्ष्यांनी," सेल्मा म्हणाली.

"वाऱ्याने," कार्लो म्हणाला.

टाउनो उठला. टोपी काढली. "पोस्टाने," तो म्हणाला.

हशा पिकला. मीही हसले, वेळ साधून टाकलेलं वाक्य आहे असं वाटलं मला. पण तो बसला नाही. "पक्ष्यांनी नाही. मी नेला. प्रत्येक धक्क्यावर मी नेला," तो म्हणाला. मग खोलीत इतकी दया पसरली की श्वास घेता येईना. अरे, आम्हीच मागितला होता. अरे, तेव्हा रस्त्यांच्या कडेलाही लावत होतेच की. अरे, कोणाला माहीत होतं! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हटलं, "तुझा कसला दोष, टाउनो." तो मान हलवत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक आणखी खाली बघत होता.

नंतर गावाने मिळून श्रमदानाचे दिवस ठरवले. पहिल्या दिवशी सगळं बेट आलं, वाटाण्याच्या सूपचं मोठं पातेलं आलं, गाणी झाली. दुसऱ्या वेळी निम्मे आले. मग पातेलं लहान झालं. मग टाउनो एकटाच येऊ लागला, आणि थर्मास घेऊन मी. माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मी नुसतीच खडकावर बसून बोलत राहायचे. तो ऐकायचा की नाही, माहीत नाही. कधी मध्येच म्हणायचा, "इथे वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची अंडी असायची, ह्या खडकाच्या मागे," आणि परत पानं ओढायला लागायचा.

निम्मी पुळण मोकळी झाली. पण दर वसंतात लाटेच्या रेषेवर नव्या रोपट्यांची रांग उगवायची, जणू कोणी पेरणी केली असावी.

साना येऊन बघून गेली. वारा कुठून, प्रवाह कुठून, हे तिने टाउनोलाच विचारलं, आणि त्याने सांगितलं. सांगता सांगता तो थांबला.

"नैर्ऋत्येला कातायाचा खडक आहे ना?" ती म्हणाली. "धक्क्याजवळ एक जुनं, मोठं झुडूप आहे. होडीतून दिसतं."

"आहे."

"ते गेल्याशिवाय इथे तू कितीही राबलास तरी उपयोग नाही, टाउनो. मी जाऊन त्या आजींशी बोलू का? नाहीतर ऑफिसमधून कागद पाठवावा लागेल."

"कागद नको," तो म्हणाला. "कागद मी आयुष्यभर वाटलेत. मी जातो."

पण तो गेला नाही. जून गेला. मध्यउन्हाळ्याचा सण गेला, होळ्या पेटल्या, विझल्या. रोज सकाळी तो होडीचं इंजिन सुरू करायचा, ऐकायचा, बंद करायचा. "आवाज बरोबर नाही," म्हणायचा. त्या इंजिनाचा आवाज माझ्या आवाजापेक्षा ठणठणीत होता.

एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि टोपी न काढता म्हणाला, "राकेल, तू इम्पी हो."

"काय हो?"

"नाटकात कोणीही व्हायचीस ना. आज इम्पी हो. मला बोलायची तालीम करायचीय."

नटीला असं कोणी विनवलं तर ती नाही म्हणत नाही. मी डोक्याला रुमाल बांधला, पाठीत वाकले, एक कान पुढे केला, कारण इम्पीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. "काय रे टाउनो, आज काही टपालाचा दिवस नाही!"

"हवा बरी आहे," टाउनो म्हणाला.

"हवा सांगायला एवढं तेल जाळत आलास?"

"नाही. ते... झुडूप."

"कुठलं झुडूप?"

"तुझं. म्हणजे आर्वीचं."

मी छातीवर हात मारला आणि खुर्चीत कोसळले. काय रडले मी! शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. डोळे किलकिले करून बघते तर टाउनो भिंतीला चिकटून उभा.

"इम्पी असं नाही करणार," तो म्हणाला.

"मग काय करेल?"

"गप्प बसेल."

"बरं. गप्प बसते." मी रुमाल नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यात इतकं कमी काम करून मी कधी कोणाला इतकं हलवलं नाही. तो ओठ हलवत होता. "मी तिला एकच गोष्ट दिली," शेवटी तो म्हणाला, माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत. "तिचं सगळं समुद्राने नेलं, आणि मी तिला एकच गोष्ट दिली. आता तीच मागायला जायचं. आणि नाही गेलो तर पुळण कायमची गेली. कुठल्याही बाजूला वळलो तरी मीच उभा आहे, राकेल."

"तुझा कसला..." मी सुरू केलं.

"ते म्हणू नकोस," तो म्हणाला. "हात जोडतो. ते तेवढं म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. इंजिनाच्या आवाजात काही बिघाड नव्हता.

इम्पी धक्क्याजवळच्या पायरीवर मासे साफ करत होती. नव्वदीला टेकलेली, मुठीएवढी बाई. तिच्या मागे ते झुडूप, घराच्या खिडकीपर्यंत पोचलेलं, फुलांनी लगडलेलं. वास आम्हाला पाण्यावरच आला होता.

"दोघं?" ती ओरडली. "कोण मेलं?"

"कोणी नाही!"

"मग राकेल कशाला? ती फक्त मर्तिकाला आणि गोड पावाला येते."

"पाव मीच आणलाय," मी म्हटलं.

"म्हणजे नक्कीच कोणीतरी मेलंय."

टाउनो होडीतून उतरला. त्याने वाक्यं पाठ केली होती, मला माहीत होतं. हवेबद्दल एक, तब्येतीबद्दल एक, सानाबद्दल दोन. त्यातलं एकही आलं नाही. तो झुडपासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इम्पी, पुळणीवरचा गुलाब इथून जातो. ह्याच्या बोंडांतून. हे काढायला हवं. मी लावलं होतं. सगळीकडे मीच लावलं. माझं चुकलं."

मी दोन पावलं मागे होते. माझं वाक्य जिभेवर आलंच होतं, सवयीने: अगं, त्याचा काय... इम्पीने माशाची सुरी माझ्याकडे रोखली. "तू गप्प. तो माझ्याशी बोलतोय."

मग तिने सुरी पुसली, खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. "चुकलंच तुझं," ती म्हणाली.

टाउनोने मान वर केली.

"मी बघत होते ना," ती पुढे म्हणाली. "शरदात बोंडं सुटतात, त्या टोकाला वळसा घेतात आणि रांगेने हिएताकडे जातात. मला वाटायचं, जाऊ देत, कोणीतरी इथून नीट पोचतंय. पुळण भरलेली मलाही दिसत होती इथून. मीही बोलले नाही. ते माझं. पण तुझं ते तुझंच."

टाउनो पायरीवर बसला. पडला म्हटलं तरी चालेल. मी पुढे धावले, तर त्याचा चेहरा बघून थांबले. कितीतरी वर्षं तो एक पार्सल घेऊन आमच्या दारोदार उभा राहत होता, हे माझं आहे म्हणत, आणि आम्ही प्रेमाने दार लावून घेत होतो: छे, छे, तुझं कसं असेल. इम्पीने ते हातात घेतलं, वजन बघितलं, आणि म्हणाली, हो, पत्ता बरोबर आहे. त्याने इतका लांब श्वास सोडला की माशांवरच्या माश्या उडाल्या.

थोड्या वेळाने तो उठला आणि खिशातून हातमोजे काढले. "मी सुरू करतो. पानं ओढायची असतात. तू घरात जा, बघू नकोस."

"खाली बस," इम्पी म्हणाली. "हात लावायचा नाही. आर्वी तुझा नवरा होता का?"

"अगं, पण काटे..."

"त्याच्याबरोबर संसार केलाय मी. मला काटे शिकवू नकोस." ती उठली, झुडपाजवळ गेली आणि वळून सगळ्या खडकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टाउनो, धन्यवाद."

टाउनो दचकला. "अगं, रोपाचे आभार मानायचे नसतात! जगत नाही ते."

"म्हणूनच तेव्हा मानले नव्हते," ती म्हणाली, आणि पहिलं पान ओढलं.

तो उन्हाळा, त्यापुढचा, आणि त्याहीपुढचा. दर आठवड्याला टाउनो कातायाला जायचा आणि पायरीवर बसायचा. त्याला काही करायची परवानगी नव्हती. नव्वदी ओलांडलेली बाई बुटक्या स्टुलावर बसून एकेक फांदी रिकामी करत होती, तिच्या मनगटांवर ओरखडे उठत होते, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली तो माणूस हात गुडघ्यांवर ठेवून बघत होता. मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर तो हलका होईल. झाला नाही. परत येताना होडीत म्हणायचा, "आज तिच्या बोटातून रक्त आलं. मीच काढलं ते." मी काही बोलायचे नाही. एवढं मी शिकले. पण तो आता निदान ताठ बसतो, आणि जेवतो.

पुळणीवर ह्या वसंतात लाटेच्या रेषेवर तीनच रोपटी आली. पक्षी अजून आले नाहीत. साना म्हणते, येतील, कदाचित. टाउनो त्या 'कदाचित'वर बोट ठेवतो. आले नाहीत तर, तो म्हणतो, तेही माझंच.

गेल्या महिन्यात इम्पीने निरोप पाठवला की झुडूप पुरतं वाळलंय, खोड तोडायला तिच्याने होत नाही, तेव्हा टाउनोने यावं. आम्ही गेलो. धक्क्याजवळ नुसत्या करड्या काटक्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यातून इतकी वर्षं न दिसलेला समुद्र दिसत होता. टाउनो करवत घेऊन बुंध्याशी गुडघ्यांवर बसला. करवत टेकवली. उचलली. माझ्याकडे वळला.

"राकेल, काहीतरी म्हण ना. नाटकातलं. चांगलं काहीतरी."

मला शंभर भाषणं पाठ आहेत. राजांची, विधवांची, फाशी जाणाऱ्यांची. मी खडकावर उभी राहिले, हात पुढे केला, तोंड उघडलं, आणि एकही ओळ आली नाही.

"काप रे," इम्पी म्हणाली. "कॉफी निवतेय."

त्याने कापलं.